चारशे जंतूंचं तीर्थ

माझ्या शर्टाच्या खिशाला एक पेन कायम अडकवलेलं असतं. ते लिहायचं नाही, पाण्यात बुडवायचं आहे. टोपण काढलं की टोकाला दोन बारीक तारा दिसतात. तारा पाण्यात गेल्या की वरच्या काचेत आकडा उमटतो. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारला राहिलो तेव्हापासून ते माझ्याजवळ आहे आणि गावात मला ओळखतात तेही त्याच्यामुळंच. माझं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. बाकी सगळ्यांसाठी मी ‘आरओ’. टपरीवरून हाक येते, “ए आरओ, जार संपला बे!” आणि मी वळतो. आता कुणी खऱ्या नावानं हाक मारली की हातातला जार खाली ठेवतो. वाटतं, घरून काही बातमी आली असणार.

घर लांब आहे, भंडारा जिल्ह्यात. आमच्या गावाला तळी आहेत, तळ्यांच्या खाली धान आहे, आणि पाणी आहे का असं तिथं कुणी कुणाला विचारत नाही. मी नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे, शाळेनं आणि मी एकमेकांना सोडलं. भांडण काही झालं नाही. थोडे दिवस घरी बसलो आणि मग पाण्याचे प्लांट बसवणाऱ्या एका ठेकेदाराच्या हाताखाली पाइप उचलायला लागलो. त्याच्याबरोबर फिरत फिरत इथवर आलो. इथला प्लांट उभा राहिला, आमची माणसं सामान बांधून पुढच्या गावाला निघाली, तेव्हा प्लांटचे मालक ठेकेदाराला म्हणाले, “हे चालवायला कुणीतरी द्या की आमाला. हितलं पोरगं ठिवलं तर ते दसऱ्याला कोयता घेऊन ऊस तोडाया कारखान्याला जातंय.” ठेकेदारानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. का हलवली ते मला अजून नीट सांगता येत नाही, कारण मला परक्या गावाची, बंद खोलीची, मोटारीच्या आवाजाची, सगळ्याचीच भीती वाटते. पण त्याच सकाळी नळावर एका बाईनं पोराला विचारलेलं मी ऐकलं होतं, “कावून रडायलास रे?” आमच्याकडंही ‘का’ला ‘कावून’च म्हणतात. एवढ्या एका शब्दाच्या भरवशावर मी राहिलो असं मला वाटतं.

जाताना ठेकेदारानं ते पेन माझ्या खिशाला लावलं आणि पाण्याचं सगळं शास्त्र शिकवलं. “आकडा कमी तर पाणी चांगलं. आकडा वाढला तर मशीनची जाळी गेली समज आणि मला फोन कर.”

“आकडा कशाचा?”

“अशुद्धीचा,” तो म्हणाला आणि गाडीत बसला.

इथल्या बोअरचं पाणी खारट. त्याला पेन लावलं की आकडा हजाराच्या पार जातो. मशीनमधून निघालेल्या पाण्याचा चाळीसच्या आसपास. जार न्यायला आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकानं मला विचारलं, हा आकडा कशाचा. मी म्हणालो, घाणीचा.

“घाण म्हंजी, जंतू?”

मी जरा घुटमळलो. “तसंच काहीतरी.”

त्याला ते पटलं. त्याला पटलेलं बघून मलाही पटलं. संध्याकाळपर्यंत निम्म्या बाजाराला कळलं की प्लांटवर जंतू मोजायचं पेन आलंय. बोअरच्या पाण्यात चौदाशे जंतू, जारमध्ये चाळीस. चाळीस काय, एवढ्या मोठ्या पोटात चालतात.

मग लोक काय काय घेऊन यायला लागले. शेतातल्या विहिरीचं पाणी, गंगेचं पाणी, म्हशीचं दूध, लिंबूसोडा. एकानं शहाळं आणलं आणि आकडा हजारांत गेला. तो बिचारा दवाखान्यातल्या वडिलांसाठी ते घेऊन निघाला होता. म्हणाला, “मायला, डॉक्टरनंच सांगितलंय की हे पाजा म्हणून!” आम्ही दोघं त्या शहाळ्याकडं बघत उभे राहिलो. शेवटी मी म्हणालो, शहाळ्यातले जंतू चांगल्यापैकी असतील, दह्यातल्यासारखे. कुठंतरी ऐकलं होतं. तो खूश होऊन गेला. एका म्हाताऱ्यानं तर जीभच बाहेर काढली, “लाव रे जरा, शुगर बगू.” त्याला मात्र मी नाही म्हणालो.

आता हसू येतं, पण तेव्हा मी या आकड्यांना मनापासून घाबरत होतो. लहानपणी तळ्याचं, शेतातल्या लहान बोडीचं, धानाच्या बांधीत साचलेलं, दिसेल ते पाणी प्यालो होतो. त्यात किती असतील याचा हिशोब मनात सुरू व्हायचा. आईला फोन करून सांगायचो, पाणी उकळून पीत जा. ती म्हणायची, “तू जेवला का ते सांग आधी.”

प्लांटच्या मागच्या अंगाला काका आणि मावशींचं घर आहे. त्यांच्या अंगणातली खोली मालकांनी मला मिळवून दिली. ती दोघं माझी कुणी लागत नाहीत. काकांची थोडी कोरडवाहू शेती, दोन शेळ्या, आणि एकच मुलगी, ती बीडला दिलेली. पहिल्या उन्हाळ्यात मला ताप भरला तेव्हा मी दार लावून पडून राहिलो होतो, कारण परक्यांना त्रास कसा द्यायचा. मावशींनी दार वाजवून वाजवून उघडायला लावलं. मऊ भात आणून समोर ठेवला. “तुमी भाताची माणसं, न्हाई का? भाकर उतरायची न्हाई तुला.” मी न सांगता त्यांच्या ते ध्यानात होतं. काका आत गेले आणि देवघरातला तांब्याचा गडू घेऊन आले. त्याच्या तोंडाला झाकण, झाकणावर कापड बांधलेलं. त्यांनी चमचाभर पाणी माझ्या तोंडात घातलं. “कपिलधारचं हाय,” म्हणाले, “पी.”

काका दर कार्तिकी पुनवेच्या जत्रेला डोंगरातल्या कपिलधार तीर्थाला जातात. धबधब्याखाली गडू भरायचा, घरी आणायचा आणि वर्षभर पुरवायचा. कुणी आजारी पडलं, कुणी परगावी निघालं, घरात नवं माणूस आलं की चमचाभर. मी चार दिवसांत बरा झालो. दवाखान्यातल्या गोळ्यांनी झालो, भातानं झालो की त्या पाण्यानं, ते मला माहीत नाही. मला आठवतो तो चमचा धरलेला हात. घर सोडल्यापासून माझ्या तोंडात कुणी काही घातलं नव्हतं.

त्यांच्या मुलीला मी ताई म्हणतो. गेल्या साली तिला मुलगी झाली आणि लेकरू सहा महिन्यांचं झालं तसं उष्टावणासाठी ती माहेरी आली. उष्टावण म्हणजे बाळाच्या तोंडात पहिला घास घालायचा. तो मामानं घालायचा असतो. ताईला सख्खा भाऊ नाही, म्हणून तिचा चुलतभाऊ मामा होऊन आला होता. मोठा हसरा, मोठ्या आवाजाचा माणूस. दरवर्षी ऊसतोडीला जाणारा. मुकादमाचा ट्रक आठ-पंधरा दिवसांत यायचा होता, त्याच्या आत हे उरकायचं होतं.

या घरात घासाच्या आधी लेकराच्या ओठाला कपिलधारचं पाणी लावतात. ताईला लावलं होतं, काकांना त्यांच्या आजोबांनी लावलं होतं. पाट मांडला, खीर झाली, चांदीची वाटी निघाली. काकांनी गडूचं कापड सोडलं आणि पाणी वाटीत ओतलं. तेवढ्यात मावशी मला म्हणाल्या, “आरओ, तेवढं पेन लाव रे पाण्याला. लेकराच्या पोटात जायचंय.”

खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. एवढ्या घरच्या कार्यात माझ्या पेनाला मान मिळाला म्हणून. मी ते स्वच्छ पुसलं, वाटीत बुडवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा वाचला. “चारशे बारा.”

मग चुलतभावानं विचारलं, “आन् तुझ्या जारच्या पाण्यात?”

“चाळीस.”

“आरारारा! काका, तुमच्या तीर्थात चारशे जंतू, वर बारा! समदी जत्राच भरून आणली की गडूत!”

सगळे हसले. मावशीही तोंडाला पदर लावून हसल्या. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तेवढ्यात ताईनं मांडीवरचं लेकरू किंचित जवळ ओढलं. ओढलं असंही म्हणता यायचं नाही, तिचा हात नुसता बाळाच्या तोंडापुढं आला. ते मी बघितलं आणि काकांनीही बघितलं. त्यांनी वाटीतलं पाणी परत गडूत ओतलं, झाकण लावलं, कापड बांधलं.

“ऱ्हाऊ द्या आज,” ते म्हणाले. “लेकराला झोप आलीया.”

लेकरू टक्क जागं होतं.

त्यानंतर घर गप्प झालं. ताई म्हणाली, जारचं पाणी लावू आणि उरकून टाकू. मावशी म्हणाल्या, तुझ्या बापाला विचार. बापाला विचारायची कुणाची छाती होईना, आणि त्यात चुलतभावाचा ट्रक ठरल्याच्या आधीच आला. तो लेकराच्या गालाला हात लावून, कोयता नि भांडीकुंडी घेऊन निघून गेला. काका माझ्यावर रागावले असतील, मला खोली सोडायला सांगतील, या धास्तीनं मी दिवसभर प्लांटवरच थांबायचो. मनातल्या मनात सामानाची बांधाबांध केलेली. एक पेटी, एक अंथरूण. कुठं जायचं ते मात्र सुचत नव्हतं.

एका दुपारी काकाच प्लांटवर आले. जारच्या ओळीशेजारी उकिडवे बसले. बराच वेळ मशीनकडं बघितल्यावर म्हणाले, “तुला ताप आलता बग. तवा मी पाजलतं तुला त्ये पाणी.”

“हो काका.”

“किती गेले आसतील रे तुझ्या पोटात?”

मी समजत होतो की ते चिडलेत. ते चिडले नव्हतेच. गेली कित्येक वर्षं ज्याला ज्याला त्यांनी मायेनं चमचाभर पाजलं, त्या प्रत्येकाची आठवण काढत ते बसले होते. त्यांच्या आई अखेरच्या दुखण्यात होत्या तेव्हाचा चमचा. ताई पहिल्यांदा सासरी निघाली तेव्हाचा. “आवंदा कार्तिकीला काय जायाचं न्हाई,” ते उठताना म्हणाले. “गडूतलं हाय त्ये झाडाला घालतो.”

“काका, दोन दिवस थांबा,” मी म्हणालो. कशासाठी थांबा, ते माझं मलाही माहीत नव्हतं.

मशीनचं सामान आणायला मला बीडला जायचंच होतं. मावशींकडून गडूतलं थोडं पाणी मागून घेतलं, थंड पेयाच्या एका रिकाम्या बाटलीत भरलं आणि सकाळची एसटी धरली. बीडला पाणी तपासायची सरकारी प्रयोगशाळा आहे एवढं मालकांकडून ऐकलं होतं. स्टँडपासून विचारत विचारत गेलो. सरकारी कचेरीच्या पायरीवर माझे पाय नेहमी जड होतात. कुणीतरी विचारेल, कितवी शिकलास. दारात दोनदा मागं फिरलो. तिसऱ्यांदा आतूनच एका बाईंनी विचारलं, “काय पाहिजे?”

टेबलामागं ताईच्याच वयाच्या मॅडम होत्या. मी बाटली पुढं केली. “यात जंतू किती आहेत ते बघायचंय. लेकराच्या ओठाला लावायचंय.”

“या बाटलीत आधी काय होतं?”

मी सांगितलं.

“मग जे जंतू निघतील ते पाण्याचे की बाटलीचे, हे मी कसं सांगणार? त्यासाठी आमच्याकडची उकळलेली बाटली न्यावी लागते. आणि ते लगेच कळत नाही, दिवस लागतात.”

“मी जारच्या प्लांटवर असतो, आकडा मी काढलाय मॅडम,” मी घाईघाईनं पेन दाखवलं. “चारशे बारा आहेत.”

त्यांनी पेनाकडं बघितलं, मग माझ्याकडं. हसल्या, पण त्या हसण्यानं मला लहान वाटलं नाही. “हे जंतू मोजत नाही रे. पाण्यात विरघळलेले क्षार किती, त्याचा अंदाज सांगतं.”

“क्षार म्हणजे?”

“मीठ, चुना, असंच सगळं. पाणी दगडातून झिरपत येतं ना, तर येताना दगडाचं थोडंथोडं सोबत आणतं. पाण्यात क्षार असले की वीज सहज जाते. तुझं पेन तेवढंच बघतं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी असेल तर चारशेत काही नवल नाही. प्यायला चालतं ते.”

“आणि जंतू?”

त्या उठल्या. कपाटातल्या बाटलीतलं, वाफ गार करून केलेलं पाणी एका काचेच्या भांड्यात ओतलं आणि म्हणाल्या, लाव पेन. मी लावलं. शून्य. जन्मात मी शून्य बघितला नव्हता. मला त्या भांड्याला हात जोडावेसे वाटले.

“आता यात गटारातला एक थेंब टाकला,” मॅडम म्हणाल्या, “तर तुझा आकडा जेमतेम एकानं हलेल. पिशील?”

मी पटकन मागं सरलो, जणू त्यांनी खरंच टाकला.

“तेच तर. जंतू त्याला दिसतच नाहीत. लेकरासाठी पाणी पाहिजे ना? मग आकडा कितीही असू दे. खळखळ उकळायचं, झाकून गार करायचं. जंतू मरतात, क्षार राहतात.” मग पुन्हा खुर्चीत बसत म्हणाल्या, “लोक तुमच्या जारच्या पाण्याला काय म्हणतात?”

“मिनरल पाणी.”

“मिनरल म्हणजे हेच क्षार. तुमचं मशीन नेमकं तेच काढून टाकतं.”

परतीच्या एसटीत मी एकटाच हसत होतो. शेजारचा माणूस जरा सरकून बसला. पण गाव जवळ आलं तसं हसू गेलं आणि नवी काळजी लागली. मग माझ्या जारचं काय? आकडा चाळीस आहे म्हणून मी निर्धास्त असायचो. आमच्या मशीनच्या शेवटी एक निळी ट्यूब आहे. ठेकेदार म्हणाला होता, ती बंद पडू देऊ नकोस. ती कशासाठी, ते मी विचारलं नव्हतं. जंतू मारायला तीच असणार, हे आता एसटीत बसल्या बसल्या उमगलं. उतरलो तो धावतच प्लांटवर गेलो, झाकणाच्या फटीतून बघितलं. ट्यूब जळत होती. निळा, शांत उजेड. तेव्हापासून रोज सकाळी आधी ट्यूब बघतो, जार आतून ब्रशनं घासतो, आणि मगच पेन काढतो.

काकांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुझं तूच म्हनला, जंतू. आता तूच म्हन्तूस न्हाईत. आमी कंचं धरायचं?”

बोलणं बरोबर होतं. मी म्हणालो, “माझं काही धरू नका. करून बघू.”

मावशींनी गडूतलं पाणी पातेल्यात घेऊन चुलीवर ठेवलं. चांगलं खळखळ उकळलं, झाकून ठेवलं, पार निवू दिलं. ताई लेकराला घेऊन उंबऱ्यात बसली. मी पेन बुडवलं. आकडा थोडा खाली आला होता, पण चारशेच्या आसपासच.

काका म्हणाले, “मेले का न्हाई मग?”

“मेले काका. एवढ्या उकळीत कोण जगतंय?”

“मग चारशे कुणाचे? मेलेल्यांचीबी हजेरी घेतंय का बे तुझं पेन?”

ताईला हसू फुटलं. तिला हसताना बघून लेकरूही खिदळलं. कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं. मी मनात म्हटलं, आता चुकायचं नाही. जारचं पाणी पेल्यात घेतलं, पेन लावून सगळ्यांना चाळीस दाखवला. मग मावशींना म्हणालो, यात मीठ टाका चिमूटभर. त्यांनी टाकलं, ढवळलं. मी पेन लावलं आणि काकांच्या हातातच दिलं. काकांना आकडे वाचता येतात, पण ते बराच वेळ वाचत राहिले.

“हजाराच्या वर गेला की रे.”

“हो. आत्ता चाळीस होता.”

काकांनी मिठाच्या बरणीकडं बघितलं. तिच्या शेजारी मावशींची कैरीच्या लोणच्याची बरणी होती. काका आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, “मिठात जंतू ऱ्हात न्हाईत. ऱ्हायले असते तर लोणचं वरीसभर कशानं टिकलं असतं?”

हे मला सुचलं नसतं आणि सुचलं असतं तरी असं सांगता आलं नसतं.

“तरीच,” मावशी म्हणाल्या, “बोअरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत न्हाई. निस्तं मीठ-चुना हाय त्येच्यात. जारच्या पाण्यात कशी लोण्यावानी मऊ हुती. आन् हे बगा,” त्यांनी उकळलेल्या पातेल्याच्या बुडावरून बोट फिरवून दाखवलं. बोटाला पांढुरकी पूड लागली होती. “दगूड हाय ह्यो. डोंगराचा.”

काकांनी ते बोट बघितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणणार नाही. ओझं उतरवल्यावर माणूस खांदा चोळतो तसं काहीतरी ते होतं. “म्हंजी डोंगूर मोजीत हुतं त्ये पेन,” ते म्हणाले. “आन् आपुन जंतू जंतू करीत बसलो.”

ताई बापाला म्हणाली, “पण आबा, उकळूनच द्यायचं हं.”

“न्हाई कोन म्हंतंय? उकळून दिऊ. डोंगूर काय उकळून मरतोय व्हय?”

मग पुन्हा पाट मांडला गेला. साधाच कार्यक्रम, घरातलीच माणसं. चांदीच्या वाटीत उकळून निवलेलं पाणी. काकांनी करंगळी बुडवून लेकराच्या ओठाला लावली. लेकरानं ओठ मिटले, उघडले, आणि आजोबांची करंगळीच चोखायला लागलं. मी दाराच्या कडेला उभा होतो. खिरीची वाटी पुढं आली आणि मावशी म्हणाल्या, “आता मामा?”

मामा तर कारखान्याला गेलेला. क्षणभर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. ताईनं माझ्याकडं बघितलं आणि मामाला बोलवावं तशा मानानं ती म्हणाली,

“आरओ, या हिकडं. हात धुऊन या. कंच्या पाण्यानं त्ये इचारू नका फक्त.”

मी हात धुतले, पुन्हा धुतले, साबण लावून तिसऱ्यांदा धुतले. चुलतभावाला व्हिडिओ कॉल लावला होता. मागं उसाचा फड आणि वाऱ्याचा आवाज. तो ओरडत होता, “माझी जागा मारली का बे आरओ? आता आंगडं-टोपडं तुझ्याकडं हां! आन् चमच्याला पेन लाव आधी!”

पहिला चमचा निम्मा लेकराच्या हनुवटीवर गेला. उरलेली खीर तिनं तोंडात घोळवली, तोंड वाकडं केलं, आणि मग पुढच्या चमच्यासाठी आ केला. त्या संध्याकाळी आईला फोन करून म्हणालो, मी मामा झालो. ती घाबरून म्हणाली, “अरे, कुणाचा?” मला बहीण नाही ना. मी सगळं समजावून सांगितलं. मग म्हणाली, “बरं झालं बापा.”

कार्तिकीला काका कपिलधारला गेले आणि या वेळी मलाही बरोबर घेतलं. धबधब्याखाली गर्दी होती. काकांनी गडू पुढं धरला, भरला, आणि माझ्याकडं देऊन ते झाकण शोधायला लागले. भरलेला गडू माझ्या हातात, पाणी काठोकाठ, त्यात वरचं आभाळ. माझा हात आपसूक खिशाकडं गेला.

“ठिव ते आत,” काका पाठमोरेच म्हणाले. “घरी उकळू की.”